देवाच्या भांड्यातल्या गोळ्या

सियामीला बोलायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शाळेत तिचं तोंड बंद करायला बाई तिला तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आणत, तर ती पहिल्या बाकावरून मागे वळून बोले. फक्त देवाशी बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. चर्चमध्ये तरुणांच्या सभेत नेता म्हणे, आता ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करावी, आणि लगेच सियामीची चप्पल बाकाखाली हरवायची. ती शोधायला ती जी वाकायची, ती कुणीतरी दुसऱ्यानं आमेन म्हणेपर्यंत वर यायचीच नाही.

आणि मग गेल्या थंडीत एका संध्याकाळी, काय झालं कुणास ठाऊक, ती उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी यावं, आधी खरखर, मग हवा, आणि मग धो धो, तसं झालं. ती काय बोलली ते तिलाही नंतर नीटसं आठवेना, पण ढोल वाजवणाऱ्या दादानं डोळे पुसले, आणि घरी जाताना पायऱ्यांवर दोन बायकांनी तिला थांबवून गालाला हात लावला. सियामीला प्रार्थनेचं दान मिळालंय, असं डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झालं.

तिला ते आवडलं. भलतंच आवडलं. ती पुआन कमरेला घट्ट आवळून नेसू लागली, केस मागे बांधू लागली, चढावर खाली न बघता चालू लागली. शेजारच्या पी खुमी (मोठ्या बाईला आमच्यात पी म्हणतात), ज्यांच्या जिभेला वस्तीतली कुत्रीसुद्धा भीत, म्हणाल्या, "या पोरीच्या मानेत कुणी बांबू बसवला का?" सियामीनं तेही कौतुकाच्याच खात्यात जमा केलं.

लोक तिला घरी बोलवू लागले. कुणाची परीक्षा, कुणाचा पोरगा दिल्लीला निघालेला, कुणाचे गुडघे. कोरा चहा, गुळाचा खडा आणि प्रार्थना. तिची जिवाभावाची मैत्रीण मोई प्रत्येक वेळी सोबत असायची आणि परतताना तिची नक्कल करून तिला हसवायची. आणि मग एक दिवस मोई हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे कधी येतेस? आईला गोळ्यांनी फार उलट्या होतात."

मोईची आई, पी झामी, टीबीच्या गोळ्या घेत होती. कोर्स लांबलचक होता आणि अर्धासुद्धा झाला नव्हता. पूर्वी अख्ख्या उताराची आल्याची शेती एकटीनं सांभाळणारी बाई आता चुलीजवळ गोधडी पांघरून बसलेली असे.

सियामीनं तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलं होतं. खोलीत चार-पाच बायका होत्या, सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि शब्द आले. मागताना मिळालंच असं समजायचं, ती म्हणाली, म्हणजे मिळतं. आणि मग एक वाक्य आलं, जे तिनं कुठं ऐकलेलं नव्हतं, तिचं स्वतःचं, ताजं. "शंका घेणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं." ते तिला इतकं आवडलं की तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं. पी झामीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं सियामीचा हात कपाळावरच धरून ठेवला आणि म्हणाली की अंगातून काहीतरी ऊबदार उतरत गेलं, थेट पायापर्यंत.

त्या दिवशी सियामी घरी उड्या मारतच गेली.

आमच्याकडे चूल पेटली की आधी मुठीचा तांदूळ निघतो. आधणात तांदूळ घालायच्या आधी त्यातून एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची, ती देवाची. गरिबाघरची मूठ लहान असेल, पण चुकत नाही. शनिवारी बायका घरोघर फिरून ही भांडी रिकामी करतात, तांदूळ चर्चमध्ये जमतो, आणि मग तो वस्तीतलेच लोक विकत घेतात. पैसे देवाचे आणि भात आपला.

त्या शनिवारी पी खुमींच्या पाठीवर टोपली होती, तिचा पट्टा त्यांच्या कपाळावर, आणि सियामी मदतीला होती. मोईचं घर खाली उतारावर खांबांवर उभं आहे, पुष्कळ पायऱ्या. पी खुमी वरच दगडावर बसल्या आणि म्हणाल्या की माझे गुडघे देवानं अजून बरे केलेले नाहीत, तुझी प्रार्थना बहुतेक रस्त्यात अडकली, जा तूच घेऊन ये.

मोई पाण्याला गेली होती. पी झामी चुलीजवळ. सियामी स्वयंपाकघरात गेली, देवाचं भांडं उचललं आणि पिशवीत उपडं केलं. तांदूळ सरसरला, आणि तांदळाबरोबर काहीतरी खडखडलं. चकाकणारं. तिनं हात घातला. गोळ्यांची पाकिटं होती. फोडलेली नव्हती, एकही.

मागून पी झामीचा आवाज आला, दमलेला पण खूश. "तेही देवाचंच, सियामी. मूठ टाकताना रोजच्या गोळ्यांचं पाकीटही न फोडता टाकायचं, असं ठरवलं मी. पाकीट भरलेलं दिसलं की कशी मौज वाटते. मिळालंच म्हटल्यावर गोळी घेणं म्हणजे दार लावणंच ना? तूच म्हणालीस."

आता या ठिकाणी सियामीनं काय म्हणायला हवं होतं ते शाळेतल्या तिसरीच्या पोरालाही सांगता आलं असतं. ते तिच्या ओठापर्यंत आलंही. पण पी झामी तिच्याकडे अशी बघत होती, जशी आजवर तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, एखाद्या मोठ्या माणसाकडे बघावं तशी. आणि समजा हे खरंच असलं तर? समजा ती बरी होतच आली असली आणि आपण शंका काढून सगळं नासवलं तर?

"हो पी," सियामी म्हणाली.

पाकिटं तिनं पुआनच्या ओच्यात दडवली. वर आल्यावर पी खुमींनी विचारलं, एवढा वेळ काय भात शिजवत होतीस? सियामी हसली. हसताना ती पाकिटं पोटाला टोचत होती.

त्यानंतरचे दिवस म्हणजे, जेवणात खडा लागावा आणि सगळ्यांसमोर थुंकताही येऊ नये, तसे गेले. पाकिटं दप्तराच्या आतल्या कप्प्यात होती. भूमितीची पेटी काढताना हाताला लागत. फेकून द्यावीत तर कुठं? घरी ठेवावीत तर पा, म्हणजे तिचा बाप, बघेल. सभेत तिला अजूनही प्रार्थना करायला सांगत, ती करीही, शब्दही तसेच धो धो येत, आणि हेच जास्त वाईट होतं. आपण खोटं वागत असताना शब्द आटायला नकोत का? मग हे दान देतंय तरी कोण?

देवाशी तिचा खासगी वाद सुरू झाला. आंघोळीला बसली की ती भांडायची. तूच म्हणालास ना विश्वास धरा? मोहरीएवढा पुरतो म्हणालास ना? तिनं तर डोंगराएवढा धरलाय, मग कर बरं तिला. तुला काय जड आहे? पलीकडे फक्त बादली भरायची.

आणि तिचं एक जुनं दुखणं होतं, ते या सगळ्याखाली ठसठसत होतं. सियामीची आई ती लहान असताना गेली. तेव्हा अख्खी वस्ती घरात जमून प्रार्थना करत होती, सगळे एकदम, मोठ्यानं, आमच्यात करतात तशी, आणि सियामी कोपऱ्यात झोपून गेली होती. पुढं कधीतरी बाहेरगावच्या एका उपदेशकानं सांगितलं की प्रार्थना फळत नाही तेव्हा कुणाच्या तरी विश्वासाला भोक असतं, फुटक्या टोपलीसारखं. तिनं लगेच मनात टोपली पाहिली होती. भोक तिच्याएवढंच होतं. म्हणून तर ती बाकाखाली चपला शोधायची.

मोई हल्ली शाळेत गप्प असे. एक दिवस घरी जाताना इस्कुटच्या वेलांच्या मांडवांखालून जाणाऱ्या वाटेवर ती थांबली. दप्तराचा बंद नीट करायचं निमित्त करत म्हणाली, "आई पुन्हा खोकायला लागलीय. परवा फडक्यावर रक्त दिसलं."



"तुला एक सांगू, कुणाला बोलू नकोस," मोई म्हणाली. "ते माझ्यामुळे होतंय. तू प्रार्थना करत होतीस ना, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आई काही वाचत नाही. तू हात ठेवला होतास आणि मी हा विचार करत होते. मी दार लावलं."

सियामी एरवी कधी शब्दाला अडायची नाही. ती तिथं उभी होती, डोक्यावर हिरवी इस्कुटं लोंबत होती, आणि तिच्या तोंडातून फक्त एवढंच आलं की तसं काही नसतं ग. मोईनं ते ऐकलंच नाही. ती पुढं चालायला लागली, मान खाली घालून, जशी सियामी वर्षानुवर्षं चालली होती.

घरी पा रस्त्याच्या कडेला आपली सुमो धूत होता. तो रोज पहाटे माणसं भरून ऐझॉलला नेतो आणि संध्याकाळी चिखल भरून परत आणतो, असं पी खुमी म्हणतात. आई गेल्यापासून तो चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभा राहतो, खांबाला टेकून, आणि तोंड उघडत नाही. सियामीनं न सांगता दुसरं फडकं घेतलं आणि मागचं चाक पुसायला लागली. पा म्हणाला, आज सूर्य कुठून उगवलाय?

"पा, विश्वास ठेवून मागितलं की मिळतं ना?"

"असं सांगतात खरं."

"मग आई?"

पानं फडकं पिळलं. बराच वेळ पिळत राहिला, त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

"मी झोपले होते," सियामी म्हणाली. "सगळे प्रार्थना करत होते आणि मी झोपले."

पानं वळून तिच्याकडे पाहिलं, जणू तिनं कुठल्या परक्या भाषेत काही म्हटलं. "तुला मी झोपवलं," तो म्हणाला. "रडून रडून तुला उचक्या लागल्या होत्या. मांडीवर घेऊन थोपटलं, मग तिथं कोपऱ्यात ठेवलं. हे तू इतकी वर्षं घेऊन बसलीयस?"

सियामी चाक पुन्हा पुसायला लागली.

"मग का नाही दिलं त्यानं?"

"ठाऊक नाही. मी अजून विचारतो. तुला काय वाटलं, मी मागं उभा राहून काय करतो, माणसं मोजतो?" पानं फडकं बोनेटवर टाकलं. "एक मात्र आठवतं. वडीलमंडळी यायची, प्रार्थना करायची, आमेन झालं की त्यांच्यातलाच कुणीतरी औषध आणि पाण्याचा पेला तुझ्या आईच्या हातात द्यायचा. ती दोन वेगळी कामं आहेत असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. ती गेली तरी वाटलं नाही."

मग सियामीनं सगळं सांगितलं. वाक्य, ते दोनदा म्हटलेलं, भांडं, पाकिटं, हो पी. सांगताना ती मध्येच इतकी रडली की नाक पुसायला तिनं चाकाचंच फडकं घेतलं आणि गालावर चिखल लागला. पा तिला रागावेल असं तिला वाटलं होतं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "गाडी काढू?"

"आधी मी जाते. एकटी."

"जा. तोंड धुऊन जा."

मोई चुलीवर भात ठेवत होती. पी झामी पूर्वीपेक्षा बारीक दिसत होती, गालाची हाडं वर आलेली. सियामीला बघून तिनं बसल्या जागी सरकून जागा केली, आणि ती सरकणं बघून सियामीला पळून जावंसं वाटलं. तिनं पाकिटं दप्तरातून काढून चटईवर ठेवली.

"पी, या घ्यायला लागा. मी चुकले."

पी झामीनं पाकिटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा हळूहळू कठीण झाला. "तुझा विश्वास ढळला म्हणून माझा ढळवायला आलीस होय?"

"नाही पी."

"त्या दिवशी तुझ्या हातातून ऊब आली होती. ती खोटी?"

"ऊब खरी असेल. ती माझी नव्हती," सियामी म्हणाली. "ते दाराचं वाक्य मात्र माझं होतं. देवानं नाही सांगितलं ते. मला सुचलं, आवडलं, म्हणून मी दोनदा म्हटलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या ना."

चुलीजवळून मोई म्हणाली, "त्या शनिवारपासून तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि वाटेवर मी तुला ते सांगितलं, तेव्हाही?"

"हो."

मोईनं हातातला पळा खाली ठेवला. आता ही मारणार, सियामीला वाटलं, आणि तिनं डोळेही मिटले. मोईनं मारलं नाही. ती पाठ फिरवून बसली आणि भाताखालचं जळण उगाच पुढं-मागं करत राहिली.

पी झामीला खोकला आला. तो संपता संपेना. थांबल्यावर ती फडक्याकडे न बघताच त्याची घडी घालून म्हणाली, "हे मी देवाला दिलेलं आहे. दिलेलं परत कसं घेऊ? असं कोण करतं?"

 तिनं वाटभर पाठ केलेलं सगळं संपलं होतं. ती देवाच्या भांड्याकडे बघत बसली, आणि मग म्हणाली, "मुठीचा तांदूळ तरी आपण काय करतो, पी? विकतच घेतो ना परत. तुम्हीही घेता. याही विकत घ्या."

पी झामी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं, पूर्वीच्या, आल्याच्या बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईतलं. "किती म्हणतेस?"

"तुम्ही द्याल ते."

"पैसे नाहीत घरात. मोई, मांडवावरचं इस्कुट आण एक. मोठं नको, मधलं." आणि मग सियामीला, "या गोळ्या उलट्या काढतात. मोठं देणार नाही."

मोई उठली. इस्कुट आणून तिनं ते सियामीच्या पुढ्यात आदळलं, हातात दिलं नाही. ते दुसऱ्या दिवशी मुठीच्या तांदळाबरोबर चर्चमध्ये गेलं. पी खुमींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग सियामीचं तोंड पाहिलं, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

पानं सुमो खालच्या वळणापर्यंत आणली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पाकिटं टेबलावर मांडली आणि कपाळाला हात लावला. मध्येच सोडलं की रोग शिरजोर होतो, ती म्हणाली, थुंकी ऐझॉलला पाठवायला लागेल. कदाचित हीच औषधं चालतील, पुन्हा पहिल्यापासून. कदाचित नाही चालणार, मग त्याहून कडक. उत्तर येईपर्यंत काही सांगता येत नाही. मग तिनं चष्मा वर करून विचारलं, हे थांबवायला कुणी सांगितलं?

पी झामीनं तोंड उघडलं. ती "मीच" म्हणणार हे सियामीला दिसलं.

"मी," सियामी म्हणाली.

सिस्टरनं तिच्या शाळेच्या गणवेशाकडे, रिबिनीकडे पाहिलं. "अस्सं. डॉक्टरीणबाई कोणत्या इयत्तेत?"

बाकावर ओळीनं बसलेले लोक हसले. उद्यापर्यंत हे चर्चच्या पायऱ्यांवर पोचणार होतं, तिला ठाऊक होतं. मान आपोआप खाली जायला लागली. तिनं ती तशी जाऊ दिली नाही, पण पूर्वीसारखी वरही नेली नाही. कुठं ठेवावी ते तिला कळेना. परत येताना गाडीत पी झामी मध्ये बसली, एका बाजूनं मोईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं सियामीनं. मोई वळणावळणावर खिडकीबाहेर बघत होती.

ऐझॉलहून उत्तर अजून आलेलं नाही, तोवर सिस्टरनं दिलेल्या गोळ्या चालू आहेत. सियामी रोज संध्याकाळी जाते. तिला कुणी बोलावलेलं नाही, कुणी येऊ नको असंही म्हटलेलं नाही. पहिल्या दिवशी पी झामी गोळी हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "आलीच आहेस तर म्हण काहीतरी." सियामीनं डोळे मिटले. शब्द आले, नेहमीसारखे, नटूनथटून, दारात रांग लावून. तिनं त्यांना परत पाठवलं. तिच्यापाशी उरलं ते फार थोडं होतं.

"देवा, हिला बरं कर. मी काय केलं ते तुला माहीत आहे. मला फार भीती वाटते. आमेन."



"झालं?" मोई म्हणाली.

"झालं."

मोईनं पाण्याचा पेला आईच्या हातात दिला. पी झामीनं तोंड वाकडं करून गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली, लहान मुलासारखी. तरी मोई उठली, देवाचं भांडं चुलीच्या उजेडात धरून तिनं तांदळात बोटं फिरवली, तळापर्यंत. मग सियामीसमोर धरलं.

"तूही बघ," ती म्हणाली.

सियामीनं हात घातला. तांदूळ होता, नुसता तांदूळ.